काचेवर लिहिलेला भाव

माझ्यासमोरच्या व्हिडिओ पोकर यंत्राच्या पडद्यावर बदामाचे पाच पत्ते आले होते. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि तिर्री. पाचही बदाम म्हणजे फ्लश, पाच नाण्यांच्या डावाला तीस नाणी. मी पाची पत्त्यांखालची बटणं दाबून ते धरून ठेवले, तीस नाणी जमा झालेली पाहिली आणि खुशीत मान वर केली. शेजारच्या खुर्चीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पडद्याकडे एक नजर टाकली आणि च् च् केलं. जिंकलेल्या माणसाची कीव करणारं कुणी मला लास व्हेगासमध्ये तोवर भेटलं नव्हतं.

तिर्री टाकायची होती, असं बाईंचं म्हणणं. मला तो वेडेपणा वाटला. रात्री हॉटेलच्या खोलीत कागदावर हिशेब मांडला, तेव्हा त्याच बरोबर निघाल्या. कॅटमधले ५२ पत्ते, पाच समोर आलेले, उरले ४७. तिर्री टाकून एक पत्ता मागितला, तर त्या ४७ पैकी बदामाची दश्शी रॉयल फ्लश करते आणि एका नाण्याला ८०० देते. सात बदाम पुन्हा फ्लश करतात, प्रत्येकी ६. उरलेल्या तीन दश्श्यांनी स्ट्रेट, म्हणजे ओळीचे पाच पत्ते, होतो, प्रत्येकी ४. बाकीचे एक्के, राजे, राण्या, गुलाम मिळून बारा पत्ते मोठी जोडी लावतात, प्रत्येकी १. सगळ्याची बेरीज ८६६. तिला ४७ ने भागलं की १८.४ येतात. फ्लश धरून बसलो तर फक्त ६. म्हणजे मी तिपटीहून मोठी संधी सोडून दिली होती आणि वर खूश होतो. आता यातली खरी कुचंबणा पाहा. त्या ४७ पैकी २४ पत्ते असे, की ते आले तर हाती भोपळा. म्हणजे योग्य खेळ केला तरी अर्ध्याहून अधिक वेळा हातातली तीस नाणी जातात. बरोबर वागूनही बहुतेकदा हरायचं, हे पचायला मला दोन-तीन वर्षं लागली.

मी फिनिक्सला राहतो. किंगमनवरून, हूवर धरणाजवळच्या पुलावरून गाडीने व्हेगास पाच तासांवर. वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात. घरची मंडळी शो बघतात, खरेदी करतात, बुफेत जेवतात. मी सकाळच्या वेळी, धूर आणि गर्दी कमी असते तेव्हा, दोनेक तास व्हिडिओ पोकर खेळतो. 'जुगार' म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात: दिवाळीतली तीन पत्ती आठवून हसायचं, नाहीतर कपाळावर आठ्या. या दोन्हींच्या मध्ये, जुगाराचा भाव काय असतो आणि तो कुठे लिहिलेला असतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मला त्यातच रस आहे.

पोकर म्हटलं तरी इथे समोर कुणी नसतं. थाप मारायला, चेहरा वाचायला माणूसच नाही. यंत्र पाच पत्ते वाटतं, हवे ते धरायचे, नको ते बदलून घ्यायचे, आणि जे हातात उरेल त्याचे पैसे काचेवरच्या कोष्टकाप्रमाणे. बस्स. ही कल्पना जुनी आहे. १८९१ मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन अँड पिट या कंपनीने पाच फिरत्या पिंपांवर पत्ते चिकटवलेलं यंत्र काढलं होतं. ते दारूच्या गुत्त्यांत ठेवलेलं असे आणि बक्षीस म्हणून बिअर नाहीतर सिगार मिळे. त्या पिंपांवर ५० च पत्ते मावत. काढून टाकलेले दोन बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामाचा गुलाम. दोन निरनिराळ्या रंगांतले दोन पत्ते गेले की चारपैकी दोन रॉयल फ्लश मुळातच अशक्य होतात. खेळणाऱ्याला पत्ता लागत नसे.

आजच्या व्हिडिओ पोकरचा जनक साय रेड. मिसिसिपीत जन्मलेला, नेवाडात बॅली कंपनीची यंत्रं विकणारा हा माणूस. पडद्यावरच्या यंत्रांचं भविष्य त्याला दिसलं होतं. त्याच्या सिरकोमा या कंपनीने १९७९ मध्ये 'ड्रॉ पोकर' बाजारात आणलं. हीच कंपनी पुढे आयजीटी झाली, म्हणजे आज जगभरच्या कॅसिनोंत जिचं नाव यंत्रांवर दिसतं ती. लोकांना टेबलाजवळ बसायची भीती वाटायची. डीलर आणि जुने खेळाडू आपल्याला हसतील अशी. यंत्र हसत नाही.

पण या खेळाची खरी गोम नेवाडाच्या नियमांत आहे. तिथे नियम असा, की यंत्रावर खऱ्या पत्त्यांचा खेळ दाखवायचा असेल, तर प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच हवी. इस्पिकची दश्शी गायब करायची सोय नाही. फळांची आणि घंटांची चित्रं फिरणारा जो स्लॉट असतो, त्याला हा नियम लागू पडत नाही, कारण चेरी किती वेळा यावी याचा कुठला मूळ खेळच नाही. दोन स्लॉट शेजारी शेजारी, दिसायला जुळे, आणि एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी महाग असू शकतो; खेळणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही. व्हिडिओ पोकरमध्ये पत्ते प्रामाणिक ठेवावे लागतात, म्हणून कॅसिनोला कमाई वाढवायला एकच जागा उरते: जिंकल्यावर किती द्यायचं. आणि ते काचेवर छापावंच लागतं. अख्ख्या कॅसिनोत स्वतःची किंमत कपाळावर लिहून उभं असलेलं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

ती किंमत वाचायला दोन ओळी पुरतात. 'जॅक्स ऑर बेटर' या साध्या प्रकारात, जिथे गुलामाच्या किंवा त्याहून मोठ्या जोडीपासून पैसे मिळतात, 'फुल हाउस' (तीन सारखे आणि एक जोडी) आणि 'फ्लश' या ओळींतला पहिला रकाना बघायचा. ९ आणि ६ असतील तर खेळणारे त्याला 'नऊ-सहा' म्हणतात. बिनचूक खेळलं तर शंभर डॉलरमागे ९९ डॉलर ५४ सेंट परत. 'आठ-पाच' असेल तर ९७.३०. 'सात-पाच' ९६.१५. 'सहा-पाच' ९५. बाकीचं सगळं कोष्टक तसंच: स्ट्रेटला ४, तीन सारख्यांना ३, दोन जोड्यांना २. फुल हाउस साधारण ८७ डावांत एकदा येतो, फ्लश ९१ डावांत एकदा. त्यामुळे या ओळींतलं एक नाणं कमी केलं की प्रत्येक वेळी शंभरातला एक डॉलर आणि वर थोडे सेंट कॅसिनोच्या बाजूला सरकतात. पत्ते तेच, दिवे तेच, खुर्ची तीच. फक्त नवाचा आठ झालेला.

आपल्याकडच्या वाचकाला हा हिशेब मटक्यावरून पटकन कळेल. एकेरी आकड्याला परंपरेने रुपयाला नऊ मिळत. आकडे दहा, लागायचा त्यातला एक, म्हणजे शंभर रुपयांतले दहा बुकीचे. नऊ-सहा यंत्रावर शंभरातले ४६ सेंट जातात. मग हा खेळ स्वस्त झाला का? इथेच मोठे मोठे हिशेबी फसतात. मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटायचा, उघडा आणि बंद. यंत्रावर सरावलेला माणूस तासाला ६०० डाव सहज खेळतो. पाव डॉलरची पाच नाणी म्हणजे डावाला सव्वा डॉलर, तासाला ७५० डॉलरची उलाढाल. खिशात शंभरच होते, पण तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात. नऊ-सहावर तासाचा सरासरी खर्च साडेतीन डॉलर. आठ-पाचवर वीस. सहा-पाचवर साडेसदतीस. साडेतीन डॉलरमध्ये व्हेगासला धड कॉफीसुद्धा मिळत नाही, आणि खेळताना पेय फुकट असतं; आणून देणाऱ्या बाईंच्या ताटलीत एक-दोन डॉलर ठेवायचे, एवढंच.

सरासरी, हा शब्द मात्र जपून घ्यायचा. त्या ९९.५४ पैकी जवळजवळ दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशमधून येतात, आणि तो येतो साधारण ४० हजार डावांतून एकदा. तासाला ६०० च्या हिशेबाने ६७ तास. तोवर आपण खरं तर शंभरामागे अडीच डॉलर गमावत असतो आणि गणित आपल्या बाजूने असल्याचं स्वतःला सांगत असतो. शिवाय ४० हजार डाव झाले म्हणून रॉयल ठरलेला नाही. तेवढ्या डावांनंतरही तो एकदाही न दिसण्याची शक्यता ३७ टक्के राहते. आता काचेवरची सर्वांत वरची ओळ बघा. एक नाणं लावलं तर रॉयलला २५०, दोन लावली तर ५००, तीन ७५०, चार १०००, आणि पाच लावली की एकदम ४०००. कमी पैशांत खेळू म्हणून एकेक नाणं लावणारा माणूस नेमका हाच उडी मारणारा रकाना सोडतो. हात आखडता घ्यायचा असेल तर कमी किमतीच्या नाण्याचं यंत्र शोधावं, पण नाणी पाचच लावावीत.

एकाच यंत्रात भाव वेगवेगळे असतात हेही लक्षात ठेवायला हवं. आताच्या स्पर्श-पडद्यांवर वीस-वीस खेळ असतात. पाव डॉलरवर आठ-पाच, तेच बटण दाबून एक डॉलरवर गेलं की नऊ-सहा. मुख्य रस्त्यावरच्या, म्हणजे स्ट्रिपवरच्या, झगमगीत ठिकाणी पाव डॉलरचं नऊ-सहा शोधणं म्हणजे वाळवंटात विहीर शोधणं. स्थानिक लोक जिथे किराणा आणि सिनेमाला जाता जाता खेळतात, त्या स्ट्रिपपासून लांबच्या कॅसिनोंत भाव बरे मिळतात. कारण उघड आहे: तिथला गिऱ्हाईक रोजचा आहे आणि त्याला काच वाचता येते. आणखी एक, काही राज्यांतल्या आदिवासी जमातींच्या कॅसिनोंत पोकरसारखं दिसणारं यंत्र आतून बिंगो असतं. पडद्याच्या कोपऱ्यात बिंगोची छोटी चौकट दिसली, तर निकाल बिंगोने आधीच लावलेला आहे आणि तुमच्या धरण्या-सोडण्याला अर्थ नाही.

आता त्या प्लास्टिकच्या कार्डाकडे येऊ. कॅसिनोत पाऊल टाकलं की आधी रांग लागते ती 'प्लेअर्स क्लब'च्या खिडकीशी. ओळखपत्र दाखवायचं, फुकट कार्ड घ्यायचं, यंत्राच्या खाचेत घालायचं. जुने खेळाडू ते वेटोळ्या रबरी दोरीने पट्ट्याला अडकवतात. लांबून बघितलं की माणूस यंत्राला नाळेने जोडल्यासारखा दिसतो. कार्ड आत असलं की यंत्र कमी देतं, हा समज सर्वत्र आहे आणि तो खोटा आहे. पत्ते ठरवणारा भाग आणि कार्ड वाचणारा भाग वेगळे. कार्डाला पत्त्यांत रस नाही. त्याला रस आहे तुमच्यात.

कार्ड मोजतं ती उलाढाल. तुम्ही जिंकलात की हरलात हे बहुतेक हिशेबांत दुय्यम. उलाढालीला त्या यंत्रावरच्या कॅसिनोच्या टक्केवारीने गुणलं की निघतो तुमचा 'थिओ', म्हणजे गणिताप्रमाणे तुम्ही किती हरायला हवेत तो आकडा. खोली, जेवण, 'फ्री प्ले' (यंत्रावर खेळायला दिलेले पैसे) असं जे जे 'फुकट' मिळतं, ते या थिओचा एक हिस्सा तुम्हालाच परत दिलेला असतो. नशीब चांगलं म्हणून तुम्ही जिंकून गेलात तरी अशा भेटींचं पत्र येतंच, कारण गणिताच्या वहीत तुम्ही हरलेलेच आहात.

हा धंदा शास्त्राच्या पातळीवर नेला तो हॅराज या कंपनीने. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या कॅसिनोंना मिळून एकच कार्ड काढलं. पुढे ते टोटल रिवॉर्ड्स झालं, २०१९ पासून सीझर्स रिवॉर्ड्स. १९९८ मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत शिकवणारे गॅरी लव्हमन तिथे दाखल झाले आणि पाच वर्षांनी त्यांनी आपली रीत हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहूनही टाकली. त्यांना आकडेवारीत दिसलं, की २६ टक्के गिऱ्हाइकं ८२ टक्के उत्पन्न देतात. ही गिऱ्हाइकं लिमोझिनमधून उतरणारी नव्हती. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले लोक, यंत्र कामगार. हाताशी वेळ आणि थोडे मोकळे पैसे असलेली मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं. मिसिसिपीत त्यांनी एक प्रयोग केला. एका गटाला नेहमीची १२५ डॉलरची भेट: खोली, दोन वेळचं स्टेकचं जेवण, ३० डॉलरच्या चिप्स. दुसऱ्या गटाला नुसत्या ६० डॉलरच्या चिप्स. निम्म्या किमतीच्या भेटीने जास्त जुगार झाला. तुम्हाला आलेल्या पत्रातली भेट का लहान होत जाते आणि तरी तुम्ही का जाता, याचं उत्तर या प्रयोगात आहे. २०१५ मध्ये सीझर्सचा (हॅराजचंच हे पुढचं नाव) मोठा भाग दिवाळखोरीत गेला, तेव्हा हॉटेलं आणि जमिनी बाजूला राहून ही गिऱ्हाइकांची यादीच सर्वांत मौल्यवान मालमत्तांत मोजली गेली. किंमत सुमारे एक अब्ज डॉलर.

कार्डाला पायऱ्या असतात. सीझर्समध्ये गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, सेव्हन स्टार्स. गोल्ड ही तळाची पायरी, ती सर्वांना मिळते. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. डायमंडला वर्षात १५ हजार क्रेडिट लागतात. स्लॉटवर पाच डॉलर फिरवले की एक क्रेडिट, व्हिडिओ पोकरवर दहा फिरवले की एक. पोकरला निम्मा दर का, हे काचेवरच्या कोष्टकावरून कळतंच. खर्चायला मिळणाऱ्या एका क्रेडिटची किंमत एक सेंट. म्हणजे माझ्यासारखा पाव डॉलरवाला तासाला ७५ सेंट कमावतो. नऊ-सहा आणि आठ-पाच यांतला फरक तासाला जवळजवळ सतरा डॉलरचा. कार्डाचे ७५ सेंट मोजत आठ-पाचवर बसणं म्हणजे कोथिंबिरीची जुडी फुकट मिळते म्हणून दुप्पट भावाने भाजी घेणं.

डायमंडचं गणित मी एकदा गाडी चालवता चालवता तोंडी केलं आणि पुढच्या पेट्रोल पंपावर थांबून पुन्हा तपासलं. दीड लाख डॉलरची उलाढाल, माझ्या वेगाने २०० तास. नऊ-सहा मिळालं तर सरासरी खर्च ६९० डॉलर. आठ-पाचवर ४,०५०. सहा-पाचवर साडेसात हजार. स्लॉटवर उलाढाल निम्मी पुरते, पण शंभराला आठ गेले असं धरलं तरी सहा हजार. बदल्यात रांगेत वेगळी वाट मिळते, हॉटेलचं रिसॉर्ट शुल्क माफ होतं, अधूनमधून फुकट रात्री. ६९० ला सौदा बरा आहे, चार हजारांना मूर्खपणा. पण पायरीवर चढणाऱ्याला हे दिसत नाही. मोजणी ३१ डिसेंबरला संपते आणि नव्या वर्षात शून्यापासून सुरू होते, म्हणून डिसेंबरअखेरीस अशी माणसं दिसतात, की ज्यांना खेळायची इच्छा उरलेली नाही, नुसती क्रेडिट पुरी करायची आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री जर्नल उतरवणाऱ्या पोरांसारखी त्यांची तोंडं असतात.

हे सगळं उलटवून कॅसिनोवर कमावणारेही झाले. जीन स्कॉट यांचं 'द फ्रुगल गॅम्बलर' १९९८ मध्ये आलं आणि काटकसरीने खेळून कूपनं, भेटी, फुकट जेवणं गोळा करायची विद्या घरोघर गेली. बॉब डान्सर याने २००० च्या सुमारास सहा महिन्यांत दहा लाख डॉलरहून अधिक जिंकून त्यावर पुस्तक लिहिलं. युक्ती अशी: ९९.५४ च्या यंत्रावर, कार्डावर पॉइंट पाचपट किंवा दसपट मिळतील अशा दिवशीच खेळायचं. कार्डाचा मूळ दर शंभराला दहा सेंट असेल, तर पाचपटीच्या दिवशी तो पन्नास होतो, ९९.५४ आणि ०.५० मिळून १०० च्या चार सेंट वर. काही प्रकारांत तर कोष्टकच खेळणाऱ्याच्या बाजूचं होतं. दुऱ्यांना जोकर मानणाऱ्या 'ड्यूसेस वाइल्ड'चं पूर्ण कोष्टक १००.७६ टक्के देई. कॅसिनोवाल्यांनाही भागाकार येतो. ती यंत्रं आता जवळपास नाहीशी झाली, चांगल्या कोष्टकांवर पॉइंट बंद झाले, आणि फार हुशार गिऱ्हाइकांना पत्रं येईनाशी झाली. एक गोष्ट अजून शाबूत आहे: पत्रातून आलेला फ्री प्ले. वीस डॉलरचा फ्री प्ले नऊ-सहावर फिरवला की सरासरी एकोणीस डॉलर नव्वद सेंट आपले. तो कधीही स्लॉटमध्ये घालू नये.

इथवर वाचून हा खेळ म्हणजे शहाण्यांचा छंद असं वाटेल, म्हणून पुन्हा त्या च् च् करणाऱ्या बाईंकडे येतो. त्या शेजारच्या हेंडरसन शहरात राहायच्या. रोज सकाळी सहाला यायच्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसायच्या. कोणता पत्ता धरायचा याची सगळी क्रमवारी तोंडपाठ: छोटी जोडी एकट्या राजापेक्षा बरी, चार सारख्या रंगाचे असतील तर छोट्या जोडीपेक्षा बरे, मोठी जोडी असेल तर त्यांच्यापेक्षा ती बरी. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. जिंकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे, हरल्यावरही नाही. नताशा डाउ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बरीच वर्षं व्हेगासमधल्या यंत्रांवर खेळणाऱ्यांत काम करून २०१२ मध्ये 'अ‍ॅडिक्शन बाय डिझाइन' लिहिलं. त्यात खेळणारे ज्याला 'झोन' म्हणतात त्या अवस्थेचं वर्णन आहे: वेळ, पैसा, शरीर विसरायला लावणारी एक सपाट शांतता, जिच्यात जिंकणं हासुद्धा व्यत्यय वाटतो. कॅसिनोची टक्केवारी कमी असलेलं यंत्र या अवस्थेला सोयीचंच, कारण तेवढ्याच पैशांत जास्त वेळ बसता येतं. भाव वाचता येणं आणि उठता येणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत. बाईंना पहिली येत होती. दुसरी मलाही येते की नाही हे मी घड्याळाचा गजर लावून तपासतो; स्वतःच्या मनावर सोडत नाही.

२०१९ मध्ये सांगलीहून ताई आणि दाजी आले होते. दाजींना पत्त्यांत रस नाही, ते स्लॉटवर बसले आणि तिसऱ्या दिवशी १,४०० डॉलर लागले. यंत्राच्या डोक्यावरचा दिवा फिरायला लागला, पडदा गोठला, माणूस आला आणि त्याने आधी पासपोर्ट मागितला. सही झाली, आणि हातात आले ९८०.

"अरे, हे चारशे वीस कुठे गेले?" दाजींनी मला मराठीत विचारलं, जणू मीच खाल्ले.

"टॅक्स, दाजी. तीस टक्के."

"आणि दोन दिवसांत सहाशे घातले, ते कोण वजा करणार?"

कुणी नाही. इथे करदाते म्हणून राहणाऱ्यांना स्लॉट किंवा व्हिडिओ पोकरवर १,२०० डॉलर वा अधिक लागले की एक फॉर्म मिळे, पैसे मात्र पूर्ण. १९७७ पासूनची ही मर्यादा २०२६ पासून २,००० झाली आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या भारतीयाचे ३० टक्के जागीच कापले जातात आणि हरलेले पैसे त्याला वजा करता येत नाहीत. काही देशांच्या रहिवाशांना करारांमुळे यातून सूट आहे, भारताला नाही. ब्लॅकजॅक, रूलेट आणि क्रॅप्स या टेबलांवरच्या जिंकण्यावर मात्र परदेशी पाहुण्याला हा कर नाही. येणाऱ्या नातेवाइकांना मी हे व्हेगासच्या विमानतळावरच सांगतो, कारण तिथेही यंत्रं आहेत.

भारतात पाहायचं तर गोवा. तिथल्या १९७६ च्या कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं आणि १९९६ मध्ये जहाजांवरचे खेळ बसवले गेले, आणि मांडवीवर जी रोषणाई दिसते ती तिथून आली. पण तिथे रंगतात ती तीन पत्ती, अंदर-बाहर आणि रूलेटची टेबलं. काच वाचत बसायला लावणाऱ्या या खेळाची सवय आपल्याकडे रुजली नाही. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

बाईंची भेट झाल्यापासून मी एक वही ठेवली आहे. नऊ वर्षांत सुमारे एक लाख दहा हजार डाव, जवळजवळ सगळे पाव डॉलरचे, नऊ-सहा. रॉयल फ्लश दोन. एक इस्पिकचा, एक चौकटचा. हिशेबाप्रमाणे पावणेतीन यायला हवे होते. बेरीज उणे १,८४० डॉलर, आणि त्यात कार्डावर झालेली दीडशे-दोनशे डॉलरची जेवणं धरलेली आहेत.